पट्टीकाकांच्या फोनचा दिवा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत कुठे मिणमिणता दिवा दिसला, की काकांनी त्यावर काळी चिकटपट्टी डकवलीच. प्रयोगाच्या प्रमुख बाई म्हणायच्या, "काका, तुमच्या तावडीतून सूर्यसुद्धा सुटायचा नाही."

पण काकांचं काय चुकत होतं? जिवंत पेशीवर झगझगीत लेझर मारला, तर ती डोळ्यांदेखत मरते. उजेड कमी केला, तर चित्रात नुसते ठिपके. म्हणून इथे एका स्फटिकातून प्रकाशकण जोडीनं निघत. एक पेशीतून जाई, दुसरा बाजूनं, आणि दोघं एकाच क्षणी पोचले तरच मोजायचे. एकटा आला तो उपरा. एवढ्याशा उजेडात पेशी तासन्‌तास सुखानं जगे. बाहेरचा उजेड फार शिरला, की मोजणी कोलमडे. बायको गेली, मागोमाग मुलगा भांडून परदेशी गेला, तेव्हापासून एकट्याला न मोजण्याचा हा नियम काकांच्या मनाला लागायचा.

भांडण कशावरून झालं, तेही आता धड आठवत नव्हतं. "गरज असेल तर करेल फोन," असं काका चार वर्षं म्हणत होते, आणि रोज संध्याकाळी फोनशेजारीच जेवत होते. पडदा उजळतो म्हणून मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नाही.

एका रविवारी फोन पुसताना काळी पट्टी सुटून फडक्याला चिकटली. हाताला खोडच लागलेली; फ्रिजपासून घड्याळापर्यंत घरातल्या सगळ्या दिव्यांची तोंडं काकांनी बांधली होती. ही कधी लावली, ते त्यांनाही आठवेना. खाली, घरी कुणी नसताना आलेले निरोप नोंदवणाऱ्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

मुलाचे अकरा निरोप. तिकडे रात्रपाळी संपवून ठेवलेले. इथे तेव्हा भरदुपार, काका कामावर. "बाबा, मी बोलतोय." "बाबा, तुम्हाला नात झाली." शेवटचा दीड वर्षापूर्वीचा: "बोलायचंच नसेल, तर आता त्रास देणार नाही."

काकांनी लगेच मुलाचा नंबर फिरवला. तिकडेही यंत्रच बोललं.

"बाबा बोलतोय रे. मला राग नव्हता. मीच दिव्यावर पट्टी लावली होती. नातीचं नाव काय ठेवलंत?"

दुसऱ्या दिवशी, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, काका कामावर गेले नाहीत. दुपारभर ते फोनसमोर बसून होते.