नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट

तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन प्रणाली समोर बसली आणि मी चिडलेच.

"गोळ्या पूर्ण घेतल्यास का? खरं सांग."

"घेतल्या मॅडम. एक पण सोडली नाय."

शेजारच्या स्टुलावर तिची सासू, पार्वतीबाई. मळ्यातून थेट आलेली, पदर कंबरेला खोचलेला. "माझ्यासमोर घेतल्या तिनी," त्या म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला. पेशंट बोलायच्या आधी सासूनं उत्तर देणं मला खपत नाही.

माझं क्लिनिक नवीन पनवेलमध्ये आहे आणि ही मंडळी जवळच्या नेरे गावची. तक्रार अंगावरून जाण्याची. मुळात थोडंफार पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं हा आजार नाही. पाळीच्या चक्राप्रमाणे ते कमीजास्त होतं. त्यासाठी घाबरायचं नाही आणि जंतुनाशकानं आतून धुवायचं तर मुळीच नाही, त्यानं उलट बिघडतं. रंग बदलला, घाण वास आला, खाज किंवा आग सुटली, तर मात्र डॉक्टर गाठायचा. दह्यासारखं फुटकं आणि प्रचंड खाज, ही बहुतेक वेळा बुरशी असते. त्यात नवऱ्याला सहसा औषध लागत नाही. प्रणालीचं हिरवट पिवळं, फेसाळ आणि वासाचं होतं.

मी तपासून स्लाइड केली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. तेच जंतू, तसेच वळवळत होते. यांचं नाव ट्रायकोमोनास. हे शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गंमत अशी की पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही, तरी जंतू त्याच्याकडे मुक्कामाला असतात. म्हणून दोघांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं. ते मी दोन्ही वेळा दिलं होतं. एक पाकीट तिचं आणि एक नवऱ्याचं. नवऱ्याला मी पाहिलं मात्र नव्हतं.

पार्वतीबाईंना मी बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं तशी प्रणाली रडायला लागली.

"त्यांनी गोळ्या खाल्ल्याच नाय मॅडम. दोन्ही पाकिटं कपाटात तशीच हायत."

"का?"

"तुमीच लिवलंय ना त्यांच्यावर, दारू बंद म्हणून."

लिहिलं होतं खरं, मोठ्या अक्षरात. तिचा नवरा निलेश न्हावा शेव्याच्या बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. सुट्टी मिळते ती लग्नसराईत, आणि इकडे लग्नापेक्षा हळद मोठी. आज मामेभावाची, परवा मित्राची. हळदीला गेलेला माणूस ग्लास नको म्हणाला तर चार जण विचारणार, काय झालंय तुला? त्यापेक्षा गोळ्या लग्नसराई संपल्यावर घेऊ, असं त्यानं ठरवलं. तोवर बायको बरी होत होती आणि आठवड्यात पुन्हा आजारी पडत होती.

खरी भीती पुढे होती. घरात चर्चा सुरू झाली होती की हिच्यातच काहीतरी दोष आहे. बरी होईपर्यंत माहेरी ठेवू, असं सासऱ्यांनी बोलून दाखवलं होतं. असलं कारण चिकटवून माहेरी पाठवलेली मुलगी कशी परत येते, किंवा येतच नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय.

"सासूबाईंना मी काही सांगणार नाही," मी म्हणाले. "तू म्हणशील तसं."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "बोलवा आईंना. मीच सांगते."

आणि सांगितलं. खाली मान घालून, पण काहीही न गाळता. सव्वीस वर्षांच्या त्या पोरीचा मला फार अभिमान वाटला. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं आणि मला नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याला मी घाबरत होते.

"हे आणलं कोणी?"

"ते सांगता येत नाही, मावशी. हा जंतू त्रास न देता कित्येक महिने अंगात राहतो. कोणाकडून कोणाला गेला, ते कुठलीच टेस्ट सांगत नाही."

आता ही बाई सुनेवर घसरणार, असं मला वाटलं.

"आमच्या एका म्हशीला लागण झाली तर ढोरांचा डॉक्टर सगल्या गोठ्याला सुई टोचतो," त्या म्हणाल्या. "कोणी आणली ते नाय इचारत. मग माझ्या पोराला काय सोनं लागलंय? कवा आणू त्याला?"

पंचवीस वर्षं मी हे समजावतेय, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. सासू म्हटली की खाष्ट, हे मी मनाशी धरून बसले होते. लाज वाटली.

दोन दिवसांत निलेश हजर. आई दाराशी उभी, पळून जायची सोय नाही.

"मला तर काय होत नाय मॅडम."

"तुला होत नाही, म्हणूनच तिला होतं."

सगळं नीट सांगितल्यावर तो ओशाळला. वाईट मुलगा नव्हता तो, त्याला समोर बसवून कोणी सांगितलंच नव्हतं. "शनिवारी हळद हाय," एवढंच पुटपुटला.

"मी पण येते हळदीला," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुझ्या बाजूला बसते."

बसल्या. कोणी ग्लास पुढे केला की, "डॉक्टरची गोळी चालू हाय त्याची," असं सगळ्यांदेखत सांगून मोकळ्या. इतर लागणींसाठी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, त्या सुदैवानं ठीक आल्या. दोघांचा कोर्स बरोबर संपला. दोघांच्या गोळ्या संपून त्रास पूर्ण जाईपर्यंत संबंध नाही, आणि पुन्हा तपासेपर्यंत कंडोम, हेही निलेशनं पाळलं.

तीन महिन्यांनी स्लाइड स्वच्छ. प्रणालीला ती मायक्रोस्कोपमधून दाखवली, तर पार्वतीबाई म्हणाल्या, "मना पण बघू दे." बराच वेळ डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "काय नाय दिसत. बरं झालं." मग सुनेला म्हणाल्या, "चल, तुझ्या सासऱ्याला मी सांगते माहेरचं काय ते."

त्या दिवसापासून पुरुषाच्या गोळ्या मी बायकोच्या हाती देत नाही. त्याला समोर बसवून देते. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंचवीस वर्षं आणि एक सासू लागली.