लांब पायांच्या मेंढ्या

उत्क्रांतीचा धडा शिकवायचा आला की मी आईचं घोंगडं शाळेत नेते. ते उलगडताच लोकरीचा उग्र वास वर्गभर पसरतो, आणि मी मनानं वडूजच्या शाळेत, सातवीच्या बाकावर जाऊन बसते.

त्या दिवशी मी डबा विसरले होते. मेंढ्या बाभळीखाली थांबवून आई भाकरी घेऊन थेट वर्गाच्या दारात आली. तिच्या अंगाला असाच वास यायचा. पोरी हसतील म्हणून मी मान खाली घातली.

गुरुजी शिकवत होते, "चाऱ्यासाठी मेंढ्या लांबवर चालल्या, म्हणून चालून चालून त्यांचे पाय लांब झाले."

"आवं गुरुजी, तसं न्हाई," आई दारातूनच म्हणाली. "चालून पाय लांब झालं असतं, तर माझं बी झालं असतं की!"

वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला त्याचं काहीच नव्हतं.

"आखूड पायाच्या मेंढ्या दुष्काळात मागं राहिल्या, मेल्या. लांब पायाच्या जगल्या. मग त्यांचीच कोकरं झाली, ती बी तसलीच."

पुढं कॉलेजात मी जे वर्षभर घोकलं, ते ती उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली.

गुरुजींनी खडू उचलला. "चुकलं माझं," म्हणाले, आणि तिचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. खाली तिचं नाव लिहिलं.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय लिवलंय गं?"

मी मान वर करून उभी राहिले, आणि तिच्या नावासकट सगळं मोठ्यानं वाचलं.