भिंतीला भोक नको

भंडाऱ्याच्या नाक्यावर ट्रॅव्हल्स सुटताना बाबा खिडकीखालून म्हणाले, "कोनाच्या दारात उभी नोको राहू, बाई." वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. आईने एकच बजावलं, "बारशाले येजो. आत्याबिना कानात नाव कोन सांगन?"

घरच्यांनो, आणि माझ्यासारखं पुण्यात येऊन खपलेल्यांनो, ही गोष्ट नखाएवढ्या एका डबीची आहे. आजही तिची आठवण झाली की तोंड कडू होतं.

खोली येरवड्यात, नोकरी खराडीला. कंपनी आयटीची, पण मी तिथे पगारपत्रकं करायचे. घरी मात्र 'पोरगी आयटीत' अशी दवंडी पिटलेली. बारशाला सुट्टी मागितली तर साहेब नुसते हसले. मग दादाने तोड काढली. पाळण्यापाशी मित्राचा लॅपटॉप ठेवायचा आणि मी पुण्याहून नाव सांगायचं. मोबाईलला आईची सक्त मनाई होती, एवढ्याशा कानाला ते यंत्र लावायचं नाही म्हणे.

नेट होतं खाली मालकीणबाईंकडे, मुलगा परदेशात म्हणून. त्यांनी ते मला वापरू दिलं, पण वायर वर आणायला भिंतीला भोक पाडावं लागेल म्हटल्यावर चष्म्यावरून पाहिलं. "अहो, आपण खोली भाड्याने घेतली आहे. भिंत नाही."

म्हणून ती बिनवायरची, खालचं वाय-फाय पकडणारी, यूएसबीत खोचायची डबी आणली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर ऑफिसातल्या एका दीडशहाण्याने विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. फुकट आहे, व्हायरस नाही, असं सांगून तो बंगळूरला निघून गेला. डबी खोचली, तर कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. सोबतची सीडी फक्त विंडोजची. नेट लागायला ड्रायव्हर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्राम हवा आणि ड्रायव्हर नेटवर. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना!

मग सायबर कॅफे. तिथल्या चिकट कीबोर्डच्या फटींत कुणाकुणाच्या खाल्लेल्याचे कण अडकलेले. शिसारी यायची. त्याहून जास्त शिसारी फोरमवरच्या विद्वानांची. माझ्यासारख्याच कुणीतरी काकुळतीने विचारलेलं असायचं आणि खाली उत्तर, 'हे तर अगदी सोपं आहे.' पेनड्राइव्हवर फाइल आणायची, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या, की एरर. आणखी एक फाइल हवी. पुन्हा कॅफे.

बारशाच्या आदल्या दिवशी डबीचा दिवा एकदाचा लुकलुकला. दादाला व्हिडिओ कॉल लावला. पाळण्यात भाची, मुठी आवळून झोपलेली. मी ढसाढसा रडले. त्या आनंदात स्क्रीनवर अपडेटची सूचना आली, तिला खुशाल 'हो' म्हटलं. अपडेटने लिनक्सचा गाभाच बदलला आणि जुन्या गाभ्यासाठी रक्त आटवून बनवलेला ड्रायव्हर निकामी झाला. हे कळलं दुसऱ्या दिवशी, तिकडे पाळण्याभोवती बाया जमल्या तेव्हा.

कॉम्प्युटरचा डबा उचलून जिना उतरले. बाबांचं वाक्य गिळलं आणि दार वाजवलं. "काकू, पाचच मिनिटं वायरने जोडू द्या."

"आपण आयटीत ना? मग आमच्याकडे कशाला?" दार लागलं.

वर आले तर फोन वाजत होता. आई म्हणाली, "झालं, बाई. बाया खोळंबल्या होत्या. शेजारच्या वंदनानं सांगितलं कानात."

आता वारज्याला माझं स्वतःचं घर आहे. भिंतींना हवी तेवढी भोकं पाडली, नेट संडासापर्यंत पोचतं. त्याचा अभिमान वगैरे वाटत नाही, किळस येते. सोसायटीत मी अजून 'त्या नागपूरकडच्या'. भंडाऱ्याला गेले की भाची धावत येते आणि 'पुण्याची आत्या आली' म्हणून ओरडते. वंदनाला ती नुसतं 'आत्या' म्हणते.

घर म्हणजे काय विचाराल, तर तो नुसता 'आत्या' शब्द. तो वंदनाकडे आहे.