पलीकडच्या स्क्रीनवर आलेला रक्तगट

आधीच सांगून ठेवते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं म्हणजे अजूनही नाही. आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या रहिमतपूरच्या घरात अंगारा, उतारा, नवस यातलं काहीच चालत नाही. कुणी भुताखेताचा विषय काढला की आबा, म्हणजे माझे वडील, सरळ उठून जायचे. त्यात माझं शिक्षण कॉम्प्युटरचं. तिथे आपण जे आत घालतो तेच बाहेर येतं. म्हणून हा अनुभव मी घराबाहेर फारसा कधी सांगितला नाही. पण या सदरातले तुम्हा लोकांचे अनुभव वाचले आणि वाटलं, लिहून टाकावं.

साल सत्त्याण्णव. मी साताऱ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या सरांना सांगलीच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं काम मिळालं (नाव देत नाही). त्यांच्या रक्तपेढीसाठी प्रोग्राम हवा होता आणि सरांनी तो पूर्णपणे माझ्यावर सोपवला. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला हात लावलेली मी पहिलीच.

प्रोग्राम तसा साधा. पहिल्या स्क्रीनवर पेशंटचं नाव, वय, गाव, रक्तगट भरायचा. एंटर दाबलं की ती सगळी माहिती जशीच्या तशी दुसऱ्या स्क्रीनच्या डोक्यावर यायची आणि खाली त्या गटाचे रक्तदाते, त्यांच्या फोन नंबरांसकट. पुन्हा काही टाइप करायचं नाही. आज मी पुण्यात मुलांना मोबाईल ॲप शिकवते. एका स्क्रीनवरून दुसरीवर डेटा न्यायचा, तर ती पोरं चुटकीसरशी नेतात. मला मात्र तेव्हा डॉसच्या काळ्या पडद्यावर ते बसवताना रडू यायचं बाकी होतं. जमलं तेव्हा मी क्लासमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं!

हॉस्पिटलला प्रोग्राम दाखवायचा होता त्या दिवशी आबा बरोबर आले. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, ताठ कण्याचे. प्रोग्रामच्या फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या. तो डबा त्यांनी रहिमतपूरपासून सांगलीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. रेल्वेत शेजारच्या माणसाला दोनदा सांगून झालं — लेकीनं दवाखान्यासाठी प्रोग्राम केलाय.

रक्तपेढीच्या खोलीत तिघंजण बसले होते. हॉस्पिटलचे व्यवस्थापक, लॅबमधले एक गृहस्थ आणि रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडम. आबा दाराशी उभे राहिले. व्यवस्थापकांना हे सगळं नकोच होतं. आमचं कार्डांचं कपाट बरं चाललंय, असं ते सुरुवातीलाच बोलून गेले. मी दोन-तीन खोटे पेशंट भरून दाखवले. सगळं नीट चाललं. मॅडम मान डोलावत होत्या.

तेवढ्यात प्रसूती विभागातून चिठ्ठी आली. तासगावकडची शालन नावाची बाई, दुसरं बाळंतपण, रक्तस्राव फार. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, ताबडतोब रक्त हवं. लॅबमधले गृहस्थ फ्रिजकडे गेले. व्यवस्थापक मला म्हणाले, आता खऱ्या पेशंटवर दाखवा.

मी चिठ्ठी बघून माहिती भरली. ओ पॉझिटिव्ह. सगळ्यांनी वाचलं. एंटर दाबलं.

दुसऱ्या स्क्रीनवर नाव बरोबर, वय बरोबर, गाव बरोबर. रक्तगट — ओ निगेटिव्ह. आणि खाली, "दाता उपलब्ध नाही".

मी बटण दाबून मागे गेले. पहिल्या स्क्रीनवर पॉझिटिव्हच होतं. पुन्हा एंटर... पुन्हा निगेटिव्ह. सगळं पुसून नव्याने भरलं. तेच. मध्ये एक खोटा पेशंट ओ पॉझिटिव्ह म्हणूनच भरून पाहिला, तो नीट पॉझिटिव्ह गेला. शालनचं नाव घातलं की पलीकडे निगेटिव्ह! व्यवस्थापक हसले. म्हणाले, बघा, म्हणून आम्ही कागदावर काम करतो. मला मागे वळून आबांकडे बघायचं धाडस होईना.

मॅडम मात्र स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग फ्रिजकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ती पिशवी ठेवा. बाईंचा नवीन नमुना घ्या, मी स्वतः गट बघते."

व्यवस्थापक म्हणाले, मशीनची चूक आहे, त्यापायी कशाला वेळ घालवता.

"चूकच असेल," मॅडम म्हणाल्या. "पण तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात."

ती मिनिटं सरली. मॅडम परत आल्या. शालनचा गट ओ निगेटिव्ह होता.

चूक चिठ्ठीत होती. वॉर्डात शालन नावाच्या दोन बायका होत्या, एकीचा गट दुसरीच्या चिठ्ठीवर गेलेला. मॅडमनी समजावून सांगितलं, आई निगेटिव्ह आणि हे दुसरं बाळंतपण, अशा वेळी पॉझिटिव्ह रक्त दिलं तर तेच जिवावर बेतू शकतं. पण आता नवीच अडचण. या गटाचं रक्त पेढीत नव्हतं, आणि माझ्या प्रोग्राममध्येही एकही दाता नव्हता. मॅडमनी फोन उचलला.

तेव्हा दाराशी उभे असलेले आबा पुढे आले.

"आवं मॅडम, ओ निगेटिव्ह म्हंजे माझंच की. फौजेत गळ्यातल्या बिल्ल्यावर कोरून दिलंवतं. घ्या किती लागतंय ते."

मला हे माहीत नव्हतं. मी त्यांची मुलगी, रक्तगटांचा प्रोग्राम केलेली, आणि घरात कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तपासण्या झाल्या, जुळलं, रक्त दिलं गेलं. दुसरी पिशवी मिरजेहून मिळाली. संध्याकाळी मॅडम सांगायला आल्या, मुलगी झालीय, दोघी धोक्याबाहेर. शालनचा भाऊ आबांचे पाय धरायला वाकला. आबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. म्हणाले, "पाया पडायचं न्हाई गड्या. आमी फकस्त रक्त दिलं. वळखलं ते माज्या पोरीच्या प्रोग्रामनं."

आबा एवढं माझ्याबद्दल चारचौघांत त्याआधी कधी बोलले नव्हते.

निघण्याआधी मी शालनची तीच माहिती, चिठ्ठीवरचा चुकीचा गट घालून, पुन्हा भरली. एंटर दाबलं. पलीकडे मुकाट्याने पॉझिटिव्ह आलं. दहा वेळा केलं असेल. दर वेळी पॉझिटिव्ह. साताऱ्याला सरांनी आणि मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. गट बदलेल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. कुणी म्हणालं व्होल्टेज वरखाली झालं असेल. पण व्होल्टेजनं अक्षरं बिघडतात, बरोबर उत्तर कसं येईल? आणि तेही त्याच एका बाईचं, तीन-तीनदा?

हॉस्पिटलनं प्रोग्राम घेतला. एकही ओळ न बदलता तो पुढे कैक वर्षं चालला, आणि तसं पुन्हा कधी झालं नाही. आबांना विचारलं तर ते म्हणायचे, मशीन हाय, चुकलं असंल, चांगल्या वेळी चुकलं. ते शेवटपर्यंत तसेच राहिले. मीही भूत, दैव, असलं काही म्हणणार नाही.

पण माझा प्रोग्राम त्या दिवशी चुकला होता, असं मात्र मी आजही कुणाला म्हणू देत नाही. आबा तसं म्हणायचे तेव्हा त्यांनाही अडवायचे.