वहिनीच्या लेकीची पाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही — तिथेही इकडचं तिकडचंच बोलत आले. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

जव्हार संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. साखरशेत या आमच्या गावी वहिनीला मुलगी झाली, कमळी. पाय हलत नव्हते, आणि कमरेच्या वर पातळ कातडीचा, पाण्याने भरलेला फोड. ग्रहणात भाजी चिरली असणार, असं बाया म्हणाल्या. जव्हारच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं — फोड फुटला तर पोर जाईल. उताणी निजवू नका, उकळलेल्या फडक्याची सैल पट्टी ठेवा. मग भाताच्या आवणीत, रोपं लावायच्या दिवसांत, आम्ही घरच्या बाया पाळीपाळीने तिला मांडीवर पालथी घेऊन बसायचो. जीव लावला होता हो! मीसुद्धा.

मग त्या दिवशी मला काय झालं? — मोखाड्याहून मला बघायला पाहुणे आले, सांगितल्या वेळेच्या आधीच. मुलगा नव्या शाळेत मास्तर. वहिनी शेतावर, आई ओसरीवर, पाळी माझी. मांडीवर ही पोर बघून ते काय म्हणतील? या घरात अशीच पोरं होतात — हेच ना? मी कमळीला कणगीमागच्या झोळीत टाकलं. पालथी गुदमरेल, म्हणून उताणी. ठाऊक होतं मला, सगळं ठाऊक होतं. ती रडली. मग गप्प झाली, आणि — जळो माझं तोंड — मला बरं वाटलं.

पाहुणे गेले तेव्हा झोळी भिजली होती. मी तिला गुपचूप पुन्हा मांडीवर पालथी घेतली. वहिनी आली, पट्टी उचलून बघितली. फोड फुटला होता.

"सकाळी मीच घट्ट बांधली का गं, बाय?"

"हो, वहिनी."

पट्टी सैल होती.

कमळी तापाने फणफणली. दवाखान्यात न्यायला डोली बांधेपर्यंतही राहिली नाही. माझं लग्न ठरलं, झालंही.

पुढे कुठल्या पाड्यावर असं मूल जन्मलं की वहिनी चालत जायची. त्या आईला मूल कसं धरायचं ते शिकवायची, आणि सांगायची, "माझ्या हातानं माझी पोर गेली. तू तरी पट्टी घट्ट नको बांधू." बाया तिच्याकडे कशा बघायच्या! मी सोबत असले की खाली मान घालून फडकी उकळायचे.

गेल्या पावसाळ्यात वहिनी वारली. शेवटी शेवटी कमळीची माफी मागत होती, सारखी. मी उशाशीच बसले होते. तिच्या तोंडात पाणी घातलं.