मॅडमना फोन द्या

मशीनवाल्याला बोलायचे पैसे पडतात, असं सगळी इमारत म्हणायची. शिंप्यांच्या दुकानांतून शिलाई मशीनं दुरुस्त करत फिरणारा हा माणूस. शिंप्याने दहा वाक्यांत रडगाणं गायलं की हा एकदाच "हं" करायचा. त्या एका "हं"मध्ये निदान, खर्च आणि उद्याचा वायदा, सगळं आलं असं समजून घ्यायचं.

त्याच्या वाटचं बोलणं बायको बोलायची. तिला इमारतीत भोंगा म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? तिने तिसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला दूधवालाही जागच्या जागी थांबायचा. घरात कामाची वाटणी चोख होती. स्क्रू त्याचे, भांडणं तिची. म्हणूनच गॅसपासून फ्रिजच्या वॉरंटी कार्डापर्यंत सगळं तिच्या नावावर. काही बिघडलं तर ऑफिसात जाऊन तोंड वाजवायचं कोणी? ज्याचं नाव त्याने. तीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. म्हणजे बोभाटा व्हायचा, पण दुसऱ्यांच्या ऑफिसात.

मग एका सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला, आणि तो उचलायला ती वाकली ती तशीच कलंडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली. कळायचं मात्र सगळं. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं धड राहिली.

मशीनवाल्याला काम सोडून चालणार नव्हतं. सकाळी तिचं सगळं आवरून तो पिशवी उचलायचा, दुपारी एक बाई येऊन भरवून जायची, आणि किल्ली समोरच्या वहिनींकडे असायची. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या मनाने करता येईल असं काहीतरी हातात द्या. एकदा मन मारायची सवय लागली ना, की औषध लागू पडत नाही."

म्हणून त्याने तो रिमोट आणला. घरातली सगळी उपकरणं एकाच रिमोटवर. मोठमोठी बटणं, पंखा, दिवा, टीव्ही, शिवाय समोरच्या घरात घंटा वाजवायची सोय, आणि हे सगळं जोडणारी एक डबी खोलीच्या कोपऱ्यात. त्या किमतीत दोन जुनी मशीनं सहज आली असती. दुकानदाराने नोंदणी करताना विचारलं, "नाव कोणाचं घालू?" मशीनवाल्याने विचारसुद्धा केला नाही. देवळासमोर हात कपाळाकडे जावा तसं तिचं नाव तोंडातून निघालं.

पुढचे चार महिने त्या घरात पुन्हा भांडणं ऐकू यायला लागली, बिनआवाजाची. त्याला यायला उशीर झाला की तो दारात पाऊल टाकायच्या आत पंखा पाचवर. त्याची मॅच रंगात आली की टीव्ही बंद. तिची नणंद येऊन उसासे टाकत बसली तेव्हा हिने भर दुपारी खोलीतला दिवा तीनदा लावला, तीनदा विझवला. नणंद म्हणाली, "वायरिंग बघून घे रे बाबा." मशीनवाला खाली मान घालून हसत राहिला. समोरच्या वहिनींकडे तर दिवसातून आठ वेळा घंटा वाजायची. त्या धावत जायच्या, तर ही डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलेली.

"बोलणं गेलं, पण खोडी गेली नाही मेलीची," वहिनी कौतुकाने सांगायच्या.

आणि एका मंगळवारी, भरवणारी बाई गेल्यावर, कंपनीने रिमोटमध्ये काहीतरी नवं पाठवलं. कोपऱ्यातल्या डबीवर लाल दिवा लागला आणि रिमोट सगळं विसरला. त्या वेळी टीव्हीवर भांडी विकणारी वाहिनी लागलेली होती, आवाज सगळ्यात मोठा. संध्याकाळी मशीनवाला आला तेव्हा न चिकटणाऱ्या तव्याची जाहिरात चालू होती आणि ती अंगठ्याने मेलेलं बटण दाबत होती. केव्हापासून, कोण जाणे. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं. घंटाही वाजली नव्हती, त्यामुळे वहिनी नेमक्या त्याच दिवशी निवांत होत्या.

त्याने रिमोट उलटा केला, सुलटा केला. स्क्रूच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात अशी वस्तू आली होती जी उघडायचीच नव्हती. मग त्याने ते केलं जे तीस वर्षांत केलं नव्हतं: तक्रारीचा फोन लावला.

एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. मग वाजंत्री. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि पुन्हा वाजंत्री. शिंप्याच्या दुकानात मशीनखाली आडवा पडून, फोन खांद्यात धरून त्याने ती वाजंत्री इतकी ऐकली की एक शिंपी पायडल त्याच तालावर मारायला लागला. फोन लागला की दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण. बंद करून चालू करा. सेल काढून घाला. डबी सरकवून बघा. तीन आठवडे गेले. तिने बटणं दाबायचं हळूहळू कमी केलं. रिमोट उशाशी असायचा, पण बोटं त्याच्याकडे जायची नाहीत.

शेवटी एका रविवारी सकाळी एक गोड आवाजाची मुलगी भेटली, जिला रिमोटचं दुखणं ठाऊक होतं. मशीनवाल्याने फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. समोरच्या वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभ्याच होत्या.

"सर, दोन मिनिटांचं काम आहे. सुरक्षेसाठी फक्त ज्यांच्या नावावर आहे त्यांचा आवाज लागेल. मॅडमना फोन द्या."

"तिला बोलता येत नाही."

"थोडं बोलल्या तरी चालेल, सर. 'मी स्वतः बोलते आहे', एवढंच."

"वाचा गेलीये तिची. माझ्या नावावर करा ना."

"नाव बदलायलाही मॅडमची तोंडी परवानगी लागते, सर." मग जरा थांबून, मदत करायच्या सुरात, "मॅडम हयात नसत्या तर सोपं होतं. मृत्यूचा दाखला पाठवला की लगेच बदलतं."

"अहो, जिवंत आहे ती! इथे आहे, ऐकतेय!"

"मग त्यांना फोन द्या ना, सर."

मशीनवाल्याने बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. घरात बोलायचं खातं जिच्याकडे, तिच्याच उशाशी फोन. तेवढ्यात वहिनींनी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि त्याला डोळा मारला. भोंग्याची नक्कल ही वहिनींची जुनी खासियत. जिन्यात बायका पोट धरून हसायच्या.

"काय गं ए मुली," वहिनी फोनवर वाकून गरजल्या, "तीन आठवडे झाले, नवऱ्याला माझ्या नाचवताय! मी स्वतः बोलते आहे! ऐकू येतंय का आणखी मोठ्याने बोलू?"

तीच खरखर, तीच चढण, शेवटच्या शब्दाला तोच झटका. हुबेहूब. सात महिन्यांनी घरात तो आवाज घुमला होता. क्षणभर मशीनवाला हसलासुद्धा.

"धन्यवाद मॅडम, आवाजाची नोंद झाली," मुलगी म्हणाली. डबीवरचा दिवा हिरवा झाला.

"बघा! जमतं की नाही?" वहिनी टाळी मागायला वळल्या. आणि त्यांचा हात तसाच राहिला.

ती वहिनींकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर वहिनींनी तिच्या पाया पडून दोन विनोद केले असते. पण तिथे राग नव्हता. बसमध्ये अनोळखी माणसाने चुकून आपली पिशवी उचलली की आपण त्याच्याकडे बघतो, तसं काहीसं होतं, आणि पिशवी परत मागायला तोंड नव्हतं. तिचे ओठ हलले. घशातून एक घरघर आली. मग ओठ मिटले.

मशीनवाल्याने घाईघाईने रिमोट तिच्या हातात दिला. "चालू झाला गं. दाब. पंखा पाचवर कर. माझी काही हरकत नाही."

तिने बोटं मिटली नाहीत. रिमोट चादरीवर घसरला. त्याने पुन्हा ठेवला, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं. पंखा फिरला. तिने हात ओढून चादरीखाली घेतला.

"चुकलंच माझं," वहिनी दाराशी जाऊन पुटपुटल्या. चहा तिथेच राहिला.

त्यानंतर वहिनींकडे घंटा वाजली नाही. आठ दिवस त्या कान देऊन बसायच्या. दोनदा तर उगाच जाऊन बघून आल्या. तिचे डोळे मिटलेले. सोंग आहे का, हे त्यांना ओळखता येईना.

नवव्या दिवशी मशीनवाला पिशवी भरत असताना कंपनीचा फोन आला. यंत्राचा आवाज. आपली अडचण सुटली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. त्याने पिशवी खाली ठेवली. मग पलंगाशी गेला, चादर बाजूला केली आणि फोन तिच्या अंगठ्याखाली धरला.

"तूच सांग त्यांना," तो म्हणाला. "दोन दाब. चांगलं जोरात दाब."

आवाजाने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. अंगठा हलला नाही. फोन आपोआप बंद झाला.

त्याने खिडकीबाहेर हात काढून हवेचा अंदाज घेतला, रिमोट उचलून स्वतःच पंखा दोनवर ठेवला आणि कामाला निघाला.