धक्के मोजणारी गाडी

आमच्या मळ्यापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसती चाळण. सकाळी कॅरेटात भरलेले टमाटे दृष्ट लागावी असे, आणि शहरातला द्वारका चौक ओलांडून मार्केटात उतरवावेत तर तळाला रस्सा! व्यापारी नाक मुरडायचे नि माझं डोकं फिरायचं.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. रस्ता तपासायला सरकारी गाडी येणार, असा निरोप आला. जीपच्या मागे एका चाकाचा गाडा. चाकाला बसलेले धक्के मशीन आपोआप मोजणार, आणि धक्के जास्त तिथे डांबर आधी. म्हटलं, देव पावला! आपल्याइतके धक्के आहेत कुणाकडे?

पण माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, पाहुणचाराला पक्के. आदल्या दिवशी त्यांनी सगळी भावकी गोळा केली, ट्रॉलीभर मुरूम आणला आणि एकूण एक खड्डा बुजवून वर पाणी मारलं.

"अहो मामा, त्यांना खड्डेच तर मोजायचेत!" मी तडकलेच.

"म्हणून काय पाहुणा आपल्या दारात आदळत येईल? लोक तोंडात शेण घालतील."

दुसऱ्या दिवशी जीप अशी आली, की मागचा गाडा हूं की चूं करेना. साहेब उतरले नि म्हणाले, "रस्ता छान ठेवलाय की तुम्ही!" मामा मिशीतल्या मिशीत हसले. मला मात्र रडूच यायचं बाकी राहिलं.

"झालं का मग मोजून?" मी विचारलं.

"येताना एक चाकोरी झाली. जाताना दुसरी."

अस्सं! "मग जेवल्याशिवाय जायचं नाही," मी म्हटलं आणि पिठलं टाकलं. मागच्या दाराने नवऱ्याला गाठून सांगितलं, "माल भरलेले सगळे ट्रॅक्टर आत्ताच्या आत्ता काढा. भावकीचेसुद्धा." ओल्या मुरमाची काय टाप! ट्रॅक्टर धडधडत गेले, आणि इकडे मामा साहेबांच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढत होते. "घ्या हो, आमच्याकडे लाजायचं नाही!" साहेब नको नको म्हणून थकले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा भोळेपणा आज कामाला आला.

परतीला गाडा असा खडखडला की मळ्यापर्यंत ऐकू आलं. साहेब चक्रावले. जीप वळवून त्यांनी येतानाची चाकोरीही पुन्हा मोजली. मी ओट्यावर उभी राहून एकेक धक्का ऐकत होते. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या हंगामाआधी डांबर पडलं. पहिल्या मालाबरोबर मी आणि मामाही मार्केटात गेलो. त्यांनी तळाच्या कॅरेटात हात घातला, एक अख्खा टमाटा काढून धोतराला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "ट्रॅक्टरांचा आवाज मलाही येत होता. एवढ्या भाकरी मी काय उगाच वाढल्या?"